आठव्या खोलीतलं बदक

तीर्थरूप दादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे आठांपैकी पाचच अंगं सध्या जमिनीला टेकतात. उरलेली तीन मनाने टेकवली आहेत असं समज.) वहिनीला नमस्कार. तिची पाठ कशी आहे? तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? निवृत्त झाल्यापासून तू म्हणे रोज सकाळी फडकं घेऊन घरभर फिरतोस आणि भिंतीवरची घड्याळं उतरवून त्यांच्या पाठीसुद्धा पुसतोस, असं वहिनी फोनवर सांगत होती. तिचा सूर तक्रारीचा होता की कौतुकाचा हे मला कळलं नाही. सध्या मला कशाचंच काही कळत नाही आणि हे पत्र त्यासाठीच आहे. फोन केला असता, पण तू दोन मिनिटांत "हं, घे, हिच्याशी बोल" म्हणून तो वहिनीच्या हातात देतोस. हा विषय वहिनीशी बोलून उपयोगाचा नाही, कारण तो तिच्या लग्नाच्या फार आधीचा आहे.

माझा टायपिंगचा क्लास गेल्या वर्षी बंद झाला हे तुला माहीत आहेच. आता लोक अंगठ्याने टाइप करतात, आणि अंगठ्याला शिकवण्यासारखं माझ्याकडे एकच बटण होतं. घरी बसून मी शेजाऱ्यांच्या बसण्याच्या पद्धती सुधारू लागले (पाठ ताठ, कोपर अंगाला लागून), तेव्हा त्यांच्यापैकीच एकीने मला एक जाहिरात आणून दिली. जुना घरगुती संगणक पूर्वी वापरलेली व्यक्ती पाहिजे. कुठला, तर तोच रे, आपला! काळा, चपटा, रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा, बाबांनी तुझ्या अभ्यासासाठी आणलेला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, लाकडी जिन्याने वर गेलं की एक लांबट खोली आहे. तिथे एक इंजिनीअरबाई बसतात. वय असेल पस्तीस, म्हणजे तो संगणक बाजारातून गेला तेव्हा यांचा जन्मही झालेला नव्हता. त्या गेली तीन वर्षं तो जसाच्या तसा नव्याने बनवत आहेत. का, हे मी विचारलं नाही. आत वीस जुन्या चिपांऐवजी एकच नवी चिप, आणि ती त्या विसांचं सोंग घेते. सोंग हुबेहूब वठलंय की नाही हे सांगायला, मूळ यंत्र अंगवळणी पडलेलं माणूस हवं होतं.

तुम्ही किती वापरला होता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, रोज. (दादा, हे वाचून भुवया उंचावू नकोस. कॅसेटवरून खेळ आत चढवताना टेपच्या आवाजाचं बटण नेमक्या जागी धरून बसायचं काम तू मला दिलं होतंस आणि ते रोजचं होतं. शिवाय तू दुपारी कॉलेजात असायचास. त्या दुपारींचं काय ते पुढे येईलच.)

तर काम असं. मी खुर्चीत ताठ बसायचं, नव्या यंत्रावर टाइप करायचं, खेळ खेळायचे आणि जुन्यापेक्षा जे वेगळं वाटेल ते वहीत लिहायचं. पहिल्याच दिवशी मी लिहिलं की बटणं फार छान आहेत. मला वाटलं, बाई खूश होतील. त्यांचा चेहरा पडला. कारण मूळची बटणं छान नव्हतीच. ती भिजलेल्या पावासारखी होती, दाबली की खाली गेली की नाही ते त्यांनाही ठाऊक नसायचं. मग दोन आठवडे खपून बाईंनी बटणं वाईट केली, आणि मी "उत्तम, आता अगदी वाईट झाली" अशी नोंद केली. नव्या यंत्रात मेमरी कार्डावरून खेळ क्षणात चढायचा. मी म्हणाले, आमच्याकडे सात मिनिटं लागायची आणि सहाव्या मिनिटाला सगळं फिसकटायचं. त्यांनी सात मिनिटांची सोय केली, फिसकटण्यासकट. इथे सुधारणा म्हणजे बिघडवणं, हे माझ्या डोक्यात शिरायला पंधरा दिवस लागले आणि अजूनही रोज सकाळी जिना चढताना ते बाहेर पडतं. वहीत आता चार रकाने आहेत: मूळचा दोष, नवा दोष, मूळचा असून चुकून दुरुस्त झालेला दोष, आणि नवा असून मूळच्यापेक्षा अस्सल वाटणारा दोष. शेवटच्या रकान्यात काय लिहायचं यावरून इंजिनीअरबाई आणि साच्याचे काका यांचं आठवड्यातून एकदा वाजतं. (साच्याचे काका म्हणजे यंत्राचं प्लॅस्टिकचं कवच करणारे गृहस्थ. हात सोन्याचे आणि बोलणं चिमटे काढणारं.)

या काकांच्या हातांनी मात्र माझी पंचाईत केली. खोलीत एक खरं, चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्रही आहे. त्याचा कीबोर्ड कुजून मेलेला होता म्हणून त्याला आमचाच नवा कीबोर्ड बसवलेला. काकांनी नवी कवचं इतकी हुबेहूब केली (मूळच्या कवचावरचा ओरखडासुद्धा त्यांनी साच्यात घेतला होता, मग तो सगळ्याच यंत्रांवर आला) की टेबलावरच्या तिघांत खरं कुठलं ते ओळखू येईना. मी दोन दिवस एकाची तपासणी केली आणि अकरा दोष काढून शेरा मारला की ही नक्कल अजिबात जमलेली नाही, करणाऱ्याला मूळ यंत्राची कल्पनाच दिसत नाही. ते मूळ यंत्र होतं. बाई चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मूळ यंत्रावर "हे खरं" अशी चिठ्ठी लागली. नंतर ती चिठ्ठी वाऱ्याने उडून भलत्याच यंत्राखाली सापडली, पण ते जाऊ दे.

आता मुद्द्यावर येते. मूळ यंत्राचा कीबोर्ड मेलेला, म्हणजे बटण दाबल्यावर काय व्हायचं याची साक्षीदार मी एकटी. यंत्राच्या आतल्या जोडणीच्या जुन्या नकाशाची जी प्रत बाईंकडे आहे तीही नेमकी लांब पट्टीच्या जागी पुसट आलेली. (लांब पट्टी म्हणजे दोन शब्दांमध्ये जागा सोडायला असते ती. खेळात तीच उडीची.) तर मी सांगितलं की आमच्या यंत्रात ही पट्टी एकदा दाबली की दोन जागा सुटायच्या. टायपिंगवालीच्या हे लक्षात राहणारच. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून चिपला तसं शिकवलं. अशा माझ्या शब्दावर घेतलेल्या नोंदी वहीत एकूण दोनशे बारा आहेत. आणि गेल्या आठवड्यात कुणा संग्राहकाने आपलं खरं यंत्र पाठवलं, जिवंत कीबोर्डाचं. त्यावर पट्टी दाबली की एकच जागा सुटते. दहा वेळा दाबली, दहा जागा.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमची खात्री आहे ना? नाही, म्हणजे, एक बदलायला मला दुपारसुद्धा लागणार नाही. पण ही एक चुकली असेल तर बाकीच्या दोनशे अकरा मी कुणाच्या भरवशावर ठेवू?" मी हो म्हणाले, खात्री आहे. आणि घरी येऊन खुर्चीत बसले, ताठ न बसता. दादा, शुक्रवारी मूळपुरुष येणार आहेत. म्हणजे हा संगणक ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने आखला ते. वय ऐंशीच्या पुढे, आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांना मूळपुरुषच म्हणतो. ते यंत्र तपासणार, आणि त्यांनी सही केली तरच त्याला जुनं नाव लावता येईल. नाही केली तर बाईंची तीन वर्षं आणि तयार झालेली तीनशे यंत्रं पाण्यात, आणि ती बुडवणारी मी.

म्हणून तुला विचारते. आपल्या यंत्राची पट्टी दोनदा चालायची की नाही? मला वाटतं, चालायची. पण आता वाटतं, मला नुसतं वाटतं की काय! विषय तुला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. तो ठेंगूचा खेळ आठवतो? ठेंगू खोल्यांमागून खोल्या पार करत जायचा आणि सातव्या खोलीत तो रुंद खड्डा. गल्लीतल्या कुणालाच तो जमला नव्हता. तू एका रविवारी दुपारी तो ओलांडलास. हवेत असताना ठेंगूने आणखी एक उडी मारली, पडदा सरकला, आठवी खोली आली आणि तिथे पिवळं बदक होतं, डोक्यावर टोपी घातलेलं. तू सगळ्यांना सांगितलंस. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या घरी, त्यांच्या यंत्रावर, अकरा मुलांसमोर तू ते दाखवायला गेलास आणि ठेंगू चौदा वेळा खड्ड्यात पडला. त्या दिवसापासून तू थापाड्या झालास. अजूनही घरच्या कार्यात कुणीतरी विचारतंच, काय दादा, बदक काय म्हणतंय? तू हसतोस आणि उठून चपला शोधायला जातोस. पाऊस पडतोय म्हणायच्या आधी खिडकीतून हात बाहेर काढून बघणारा माणूस तू तेव्हापासून झालास, आधी तसा नव्हतास. त्या दिवशी डॉक्टरांच्या घरी तू माझ्याकडे वळून म्हणालास, "हिला विचारा, हिने पाहिलंय." मी काय म्हणाले ते आता नीट आठवत नाही. पण पट्टी दोनदा चालत असेल तर दोन उड्यांचा उलगडा होतो. फक्त आपल्याच यंत्राची तशी का चालायची, कोण जाणे.

एका कार्डावर हो किंवा नाही एवढंच लिहून शुक्रवारच्या आत टाक. वहिनीला सांग, शेक घेताना पोटावर झोपू नकोस.

तुझी, काय खरं नि काय सोंग हे कळेनासं झालेली,
धाकटी

ता. क. – वर "कोण जाणे" लिहिलंय, ते खोडायला हवं होतं. मी जाणे. ज्या दुपारी तू कॉलेजात होतास त्यांपैकी एका दुपारी माझ्या हातून लिंबाच्या सरबताचा अख्खा पेला त्या यंत्रावर सांडला. मी आईच्या जुन्या साडीने ते पुसलं, उलटं करून गच्चीत वाळवलं आणि तू यायच्या आत जागेवर ठेवलं. सगळं चालत होतं, फक्त लांब पट्टी चिकट झाली होती आणि एकदा दाबली की दोनदा लागायची. आधी चिकटून आणि मग सुटताना. पुढच्याच आठवड्यात तू खड्डा ओलांडलास. आणि "काय म्हणाले ते आठवत नाही" हेही खोड. स्वच्छ आठवतंय. मी टेपचं बटण धरून तुझ्या शेजारी बसले होते, बदक माझ्याही डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि डॉक्टरांच्या घरी अकरा जणांसमोर मी म्हणाले, "मी नाही बाई काही पाहिलं." हो म्हणाले असते तर आपल्याच यंत्रावर का होतं ते बघायला सगळे घरी आले असते, यंत्र उघडलं असतं आणि आतून सरबत निघालं असतं. बाबांची भीती वाटली, दुसरं काही नाही. बारा वर्षांची होते. पण नंतर तेरा, चौदा, पंधरा अशी त्रेपन्न वर्षांची झाले आणि तरी तोंड उघडलं नाही, याला काही बहाणा नाही. मला फार वाईट वाटतं, दादा.

ता. क. २ – आज शनिवार. पत्र अजून पर्समध्येच आहे. वरचं लिहून झाल्यावर ते पेटीत टाकायचं धैर्य झालं नाही. रोज पेटीपर्यंत जायचे आणि पेटीचा रंग उडालाय वगैरे बघून परत यायचे. काल मूळपुरुष आले. बारीक अंगाचे, हातात काठी, जिन्याच्या पायऱ्या मोठ्याने मोजत वर आले आणि आल्या आल्या म्हणाले, एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. अशा माणसापुढे खोटं कसं टिकणार? ते बसायच्या आत मी उभी राहिले आणि सरबत, साडी, गच्ची सगळं सांगून टाकलं. इंजिनीअरबाई मटकन स्टुलावर बसल्या. साच्याचे काका म्हणाले, "म्हणजे आम्ही तीनशे यंत्रांत सरबत भरलं." मी म्हणाले, हो, आणि पर्स उचलली.

मूळपुरुषांनी मला थांबवलं. सरबताशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, खड्ड्यापलीकडे गेल्यावर तुम्हाला काय दिसलं? मी सांगितलं. मग हळूहळू उलगडलं की तो ठेंगूचा खेळही त्यांचाच. आठवी खोली त्यांनी केली होती, पण सातवीतला खड्डा मोजताना त्यांच्या हातून दोन घरं जास्त रुंद झाला, आणि ते लक्षात येईपर्यंत कॅसेटी बाजारात गेल्या होत्या. कुणालाही ओलांडता न येणारा खड्डा आपण विकला, हे ते आजवर कुणाजवळ बोलले नव्हते. चाळीस वर्षं त्यांची समजूत होती की आठवी खोली त्यांच्याशिवाय कुणी पाहिलेली नाही. मला म्हणाले, दाखवा.

मी बसले. (ताठ.) सात मिनिटं खेळ चढला, सहाव्या मिनिटाला फिसकटला, पुन्हा चढवला. दोनदा ठेंगू खड्ड्यात पडला. तिसऱ्यांदा मी त्या आपल्या सरबती पट्टीवर अंगठा ठेवला, त्याने हवेत आणखी एक उडी मारली, पडदा सरकला, आणि दादा, ते होतं तिथे. पिवळं, चौकोनी, चोच डावीकडे. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी म्हणाले, हेच ते बदक. मूळपुरुष चष्मा पुसत म्हणाले, "बदक? अहो, ती किटली आहे. इतक्या लांब आलेल्या माणसाला चहा मिळावा म्हणून ठेवली होती." साच्याच्या काकांना ती इस्त्री वाटली. खरं सांगते, नीट पाहिलं तर किटलीचं तोंड दिसतं आणि तुझी टोपी म्हणजे झाकण. पण मी ज्यांनी ती काढली त्यांना तोंडावर सांगितलं की आमच्या दादाने बदक म्हटलंय आणि मी स्वतः ते तेव्हाही पाहिलंय, त्यामुळे ते बदकच आहे. अर्धा तास वाद झाला. ऐंशीच्या पुढचे असून चांगले भांडतात.

शेवटी त्यांनी सही केली. अट एकच, यंत्राच्या पाठीमागे एक बारीक खटका बसवायचा. खाली असला तर यंत्र त्यांचं, वर केला तर आपलं. बाकीच्या दोनशे अकरा नोंदी त्यांनी बसून तपासल्या. सात चुकीच्या वाटल्या, त्यांतल्या चार त्यांनाही आठवेनात म्हणून बरोबर धरल्या. इंजिनीअरबाईंनी मला काढलं नाही. वहीत पाचवा रकाना पाडलाय, "बाईंच्या घरचा दोष". (या बाई म्हणजे मी.) आणि दोनशे तेरावी नोंद अशी आहे: आठवी खोली, पिवळी वस्तू. किटली, साक्षीदार एक. बदक, साक्षीदार दोन. दुसऱ्या साक्षीदाराच्या पुढे मी सही केली आहे. पहिल्याच्या पुढे तुझं नाव घातलंय, सहीची जागा कोरी आहे.

ता. क. ३ – खरं काम आता सांगते. आपलं यंत्र तू फेकलेलं नाहीस. ते तुझ्याकडच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जाड पांघरुणांच्या खाली, टॉवेलात गुंडाळलेलं आहे असं वहिनी कधीच बोलून गेली आहे. ते घेऊन ये. मूळपुरुष पुढच्या शुक्रवारी पुन्हा येणार आहेत, त्यांना तुला भेटायचंय आणि ती पट्टी बघायचीये. तुझ्या पाया पडते (पाच अंगांनी), पण तेवढी पट्टी पुसू नकोस. आणि इथून पुढे घरच्या कार्यात कुणी बदकाची चौकशी केली तर चपला शोधायला उठू नकोस. बसून राहा. मी शेजारी असेन, आणि उत्तर मी देईन.

ता. क. ४ – फडकं फिरवून झालं असलं तरी ये. सरबत मी करून ठेवते.